लिम्फ सिस्टिमचं मॉडेल: भारी आहे पण थायमस कुठंय?

मुलीच्या बायोलॉजीसाठी घेतलं आणि तिच्यापेक्षा मीच जास्त बघत बसतो. लिम्फला, म्हणजे पेशींभोवतून गोळा होऊन परत रक्तात जाणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाला, हृदयासारखा पंप नसतो, स्नायू हलले, श्वास घेतला की ते पुढं सरकतं आणि आतल्या झडपा त्याला मागं येऊ देत नाहीत, हे नळी कापून इतकं मस्त दाखवलंय की बास! उजवा हात आणि डोक्या-छातीच्या उजव्या बाजूचं लिम्फ वेगळ्या नळीत, बाकी सगळ्या शरीराचं थोरॅसिक डक्ट नावाच्या मोठ्या नळीत, तेही बरोबर. काखेतली लिम्फची गाठ (लिम्फ नोड) उघडते, आत बी सेल्स आणि टी सेल्स या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या जागा वेगवेगळ्या रंगात. प्लीहा मात्र उगाच चिकटवल्यासारखी, ती रक्त गाळते हे कळतच नाही. आणि टी सेल्सचं ट्रेनिंग जिथं होतं तो थायमसच नाही राव! स्टँडपण डगमगतो. तरी घ्या.