बोल्ट 14, डब्यात 13: रोल बारचे आठ महिने

काल रात्री पाऊस झाला. सकाळी सीटमागच्या खळग्यात हात घातला तर कार्पेट पिळून काढावं इतकं ओलं. संशय थेट रोल बारवर, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचावं म्हणून सीटमागे बसवतात त्या लोखंडी कमानीवर. म्हणून आज लिहायला बसलो. आठ महिने टाळत होतो, कारण बार तसा वाईट नाही आणि त्या बोल्टाचा विषय मी काढला की घरातले एकेक करून उठून जातात.

गाडी मझदा मिॲटा, कापडी छताची दोन सीटची, 1989 ला आलेली पहिली पिढी, 1.6 इंजिन, वजन टनाच्या आत. हा माझा दुसरा रोल बार. पहिला म्हणजे सीटमागे दोन चकचकीत स्टेनलेस कमानी. फोटोत फार देखणा. मागे तिरके आधार नाहीत, आणि सगळा डोलारा सीटबेल्टच्या मूळ बोल्टांवर उभा. ट्रॅक डे, म्हणजे फी भरून आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस. तिथल्या तपासणीत एका गृहस्थांनी मला हेल्मेट घालून बसवलं, काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेपासून कमानीच्या माथ्यापर्यंत एक सरळ काठी टेकवली आणि ती माझ्या हेल्मेटवरच अडली. म्हणजे गाडी उलटली तर जमिनीला पहिला नमस्कार माझं डोकं करणार. दिवसभर कठड्याला टेकून दुसऱ्यांच्या गाड्या बघितल्या. भरलेली फी परत मिळाली नाही, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या वेळी जाहिरातीतले फोटो बघितलेच नाहीत, नुसती मापं बघितली. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला 45 मिमी व्यासाची आणि 2.5 मिमी जाडीची, किंवा 50 मिमीची आणि 2 मिमी जाडीची, बिनजोड कार्बन स्टीलची नळी लागते. मागचे आधार उभ्या रेषेशी किमान 30 अंशांत हवेत. वाकवताना वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी. जिथे आतल्या बाजूला सुरकुत्या दिसतात तिथे नळी आधीच अर्धी हरलेली असते. मला शर्यत लावायची नाही, पण कुठलं तरी माप हातात असल्याशिवाय मी पैसे सोडत नाही. या बारची नळी 45 बाय 2.5 आहे. मी व्हर्नियर लावून पाहिली. खरी निघाली. वेल्डिंगही सुरेख, मण्यांची माळ ओवल्यासारखं.

आता बोल्ट. माहितीपत्रकात लिहिलंय 14. डब्यात निघाले 13.

फोन केला. पलीकडचा म्हणाला, सर, आम्ही मोजूनच भरतो. मी म्हटलं, मीही मोजूनच सांगतोय. मग फोटो मागितला, पाठवला. मग व्हिडिओ मागितला. एकेक बोल्ट उचलून मोठ्यांदा आकडा म्हणत, पहिलीतल्या पोरासारखा, तोही काढून पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की तेरांवरही बार ‘आरामात’ बसतो. पायाची प्लेट आणि पत्र्याखालची प्लेट यांच्यामध्ये पत्रा सगळीकडून सारखा आवळला गेला पाहिजे, म्हणून तर एवढी भोकं पाडायची. एक रिकामं ठेवायचं असतं तर पाडलं कशाला? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेवटी दीड महिन्यानं एक बोल्ट आला. त्याच्या डोक्यावर आकडाच नाही! बाकीच्या तेरांवर 8.8 कोरलेलं आहे. त्यातला पहिला आठ म्हणजे तुटायची ताकद 800 मेगापास्कल, आणि पुढचा आठ म्हणजे त्याच्या 80 टक्क्यांवर तो कायमचा ताणायला लागतो. आकडा नसलेला बोल्ट कुंपणाच्या फाटकाला लावा. मी बाजारात गेलो, तर एक सुटा मिळेना. दहांचं पाकीट घ्यावं लागलं. नऊ अजून खणात आहेत.

बसवायला मला दोन शनिवार-रविवार लागले. त्यातला मोठा वेळ कार्पेट कापण्यात आणि खालून प्लेट धरायला कोणाला तरी पटवण्यात गेला. मागच्या पत्र्याला भोकं पाडण्याआधी पत्र्यापलीकडे काय आहे ते हाताने चाचपून बघा, नुसतं वाकून बघून समजत नाही. भोकाच्या कडांना लगेच गंजरोधक लावा. 500 किलोमीटरनंतर मी सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) परत तपासले. दोन जरासे फिरले. चौदावा हलला नव्हता, हे मुद्दाम सांगतो.

काठीची परीक्षा मात्र नवा बारही पहिल्या दिवशी जेमतेमच पास झाला, आणि इथे माझं मत बदललं. मला वाटायचं, बुटका बार विकणं ही विकणाऱ्याची कंजुषी. पण कापडी छत बंद व्हायला हवं असेल तर बार छताच्या आतच मावला पाहिजे, त्यामुळे त्याची उंची छत ठरवतं. बनवणारा कोणीही असो, त्याला त्याहून वर जाताच येत नाही. मग उरतं आपलं डोकं. सीट काढली, खालचं कव्हर सोडवलं आणि बुडाखालचा फोम सुरीने थराथराने कापत गेलो. जवळजवळ तीन सेंटीमीटर खाली आलो, आणि खर्च शून्य. आठ महिन्यांत याहून जास्त आनंद मला या गाडीने दिलेला नाही. काही ठिकाणी डोकं काठीच्या रेषेखाली असलं की चालतं, काही जण 5 सेंटीमीटर मोकळी जागा मागतात. आता मी दोन्हीकडे पास होतो. हे आधी कळलं असतं तर आधी सीट कापली असती, हेल्मेट घालून मोजलं असतं आणि मगच बार मागवला असता. पहिल्या कमानी तरीही फुकटच गेल्या असत्या, कारण आधाराविना उभी नळी मागे लवणारच.

बारबरोबर आलेलं काळं मऊ फोम मी दुसऱ्याच दिवशी उतरवलं. दोन बोटांनी दाबलं की आतली नळी हाताला लागायची. गरम पाण्याच्या पाइपला गुंडाळतात तो प्रकार. एसएफआय 45.1 या शर्यतीच्या सुरक्षा मानकाचं कडक पॅडिंग वेगळं विकत घ्यावं लागलं. नखाने दाबलं तर जेमतेम खूण उठते, पण डोकं आपटलं तर धक्का शोषायला तेच लागतं. रस्त्यावर आपण हेल्मेट घालत नाही. त्यामुळे उघड्या डोक्यामागे चार बोटांवर लोखंड असणं ही ट्रॅकवर नसलेली नवीन भीती बारने गाडीत आणली आहे. सीट आता दोन खाचा पुढे असते, पाठ मागे रेलत नाही. लांबच्या प्रवासात कंबर बोलते. पॅडिंग बारसोबतच द्यायला हवं होतं, पण जिथे बोल्ट मोजून देता येत नाहीत तिथे ही अपेक्षा कोणाकडून करायची?

शर्यतीच्या बेल्टच्या खांद्यावरच्या पट्ट्यांसाठी आडवी नळी आहे, आणि उंची बरोबर आहे. पट्टा खांद्यावरून मागे जरासा उतरतो. आडव्या रेषेपासून 45 अंशांपेक्षा जास्त उतरला तर धडकेत तोच पट्टा पाठीचा कणा खाली दाबतो. रोज मी मूळचा तीन टोकांचा बेल्टच लावतो.

गाडी ताठ झाली, वळणावर वेगळीच वाटते, असं बार बसवलेले सगळे सांगतात. मला तसं काही जाणवलं नाही. खड्ड्यात डॅशबोर्ड पूर्वीसारखाच थरथरतो, कारण थरथर पुढची आणि बार मागे. वजन मात्र 17 किलोंनी वाढलं, बाथरूमच्या काट्यावर मोजलंय. आरशात तिरकी नळी दिसते, आठवड्यात डोळा सरावतो. छत खाली करण्याआधी मागच्या प्लॅस्टिक काचेची चेन उघडावी लागते. पूर्वी सीटवर बसल्या बसल्या हात पोचायचा. आता तिरकी नळी मध्ये येते, त्यामुळे उतरून मागे जावं लागतं, आणि सिग्नलवर छत उघडायची माझी हौस संपली.

आता पाण्याचं. इथपर्यंत लिहिताना मी मनातल्या मनात मागच्या प्लेटच्या सीलंटला शिव्या घालत होतो. मध्येच उठून बाटलीभर पाणी ओतून पाहिलं. प्लेटपाशी थेंब नाही. छतावरचं पाणी मागे ज्या पन्हळीत जमतं, त्याच्या दोन्ही टोकांच्या निचऱ्याच्या नळ्या सीटबेल्टच्या खांबांमागून खाली उतरतात. त्यातली डावी कुजलेल्या पानांनी गच्च. बार बसवताना तिथवर माझा हात पोचला होता, तेव्हाच साफ करता आली असती. लवचिक वायर घालून मोकळी केली, गाडीखाली काळं पाणी भळाभळा सांडलं. सीलंटला दिलेल्या शिव्या परत घेतो.

बोल्टाबद्दलचं काहीही परत घेत नाही. याच बारच्या डब्यात कोणाला तेरा निघाले तर फोन, फोटो, व्हिडिओ यांत दीड महिना घालवू नका, मला कळवा. नऊ आहेत, सगळ्यांवर 8.8 कोरलेलं आहे. पोस्टेज तुमचं.