सातवाहनांवर लघुप्रबंध: शिलालेख घ्यावेत की नाणी?
शिलालेखांसाठी ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा दोन्ही हव्यात. लिपी लवकर हाती बसते, वेळ खाते ती प्राकृत. नाशिकच्या लेण्यांत ठसा (लेखाची कागदावर उमटवलेली प्रत) घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. ओला कागद ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि जरा सुकल्यावरच शाई लावायची. घाई केली की शाई पसरते. दगडातला खड्डा अनुस्वार म्हणून वाचला जातो, त्यामुळे ठसा भिंतीशी ताडून पाहाच.

नाण्यांना भाषा कमी लागते. वजन, व्यास, धातू अशा नोंदी मात्र शेकडो. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३,०००हून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या ९,०००हून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा ठोकला होता. सत्तांतराचा इतका ठसठशीत पुरावा विरळाच! पण सापडल्याची जागा माहीत नसलेले नाणे जवळजवळ मुके असते. प्राकृत कच्ची असेल तर नाणीच घ्या.