कान वाजतो तेव्हा: मशीन, पंखा, समुपदेशन की गोळ्या?

डिसेंबर लागला की नाशिकमध्ये रात्रीचे पंखे बंद होतात, आणि ज्यांचा कान वाजतो त्यांचे हाल सुरू होतात. दिवसभर द्वारका-सीबीएसच्या गोंगाटात दबलेली शिट्टी उशीवर डोकं टेकलं की वर येते. माझ्या बाबांनी सातपूर एमआयडीसीत २६ वर्षं पॉवर प्रेसवर काढली, त्यांना हा त्रास जुना आहे. भाचा ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, त्याला मागच्या विसर्जनापासून. दोघांच्या कानात रातकिडेच, पण दोघांना उतार पडला तो वेगवेगळ्या उपायांनी. म्हणून कशावर पैसे घालायचे हे ठरवण्याआधी आपला कान या दोघांपैकी कोणासारखा आहे ते बघा.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने किंवा वयाने त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. तिकडून संदेश कमी येऊ लागले की मेंदू आपली पट्टी चढवतो आणि नसलेला आवाज ऐकू येतो, असं आज मानलं जातं. शांतता त्यात भर घालते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं! थंडीतल्या बंद खोलीचं कोडं मला तिथे सुटलं.

पहिला खर्च कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे तपासणीचा आणि ऑडिओग्रामचा, म्हणजे किती ऐकू येतं त्याच्या आलेखाचा. कधी नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की काम भागतं. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा येत असेल किंवा सोबत चक्कर असेल, तर पुढच्या तपासण्या टाळू नका. आणि अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे स्टिरॉइडचे उपचार जितके लवकर तितके बरे.

बाबांच्या ऑडिओग्राममध्ये वरच्या पट्टीतलं ऐकणं बरंच गेलेलं निघालं. अशांसाठी माझं मत ठाम आहे: आधी कानाचं मशीन. बाहेरचे आवाज पुन्हा आत येऊ लागले की शिट्टी मागे सरते. ‘कान वाजतो’ असं बाबा सांगत होते तेव्हा खरं तर त्यांना कुकरची शिट्टीही ऐकू येत नव्हती, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. मशीन वीसेक हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत जातं. महागडंच घ्यायला हवं असं नाही, पण काही दिवस घरी वापरून बघायला देणारा ऑडिओलॉजिस्टच (श्रवणतज्ज्ञ) निवडा.

भाच्याचा ऑडिओग्राम नॉर्मल आला. त्याला मशीनचा उपयोग नव्हता. त्याची अडचण होती ती धास्ती: ‘आता हे आयुष्यभर का?’ रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तो त्या आवाजाचाच कानोसा घेत बसायचा. इथे सर्वांत भक्कम पुरावा सीबीटी या, विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशन पद्धतीचा आहे. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २,७०० हून जास्त लोक होते. त्रास कमी झाला असं त्यातून दिसलं. आवाज मात्र तेवढाच राहू शकतो, हे आधीच समजून घ्या, नाहीतर दोन बैठकांत सोडून द्याल. कर्णनादासाठी, म्हणजे कान वाजण्यासाठी, ही पद्धत वापरणारा माणूस शोधावा लागतो. जवळ नाही मिळाला तर ऑनलाइन बैठकाही चालतात.

रात्रीपुरता स्वस्त उपाय दोघांनाही लागू पडला. टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून लावायचा: वारा अंगावर येत नाही, घरघर मिळते. मोबाइलवर पावसाचा आवाज लावलात तरी चालेल. तो शिट्टीच्या किंचित खालीच ठेवा; पूर्ण बुडवायला गेलात तर बंद केल्यावर शिट्टी जास्त जाणवते. एवढ्याने मूळ दुखणं जात नाही, पण झोप लागते, आणि झोप झाली की दुसरा दिवस बरा जातो.

गोळ्यांबाबत मला मनापासून वाईट वाटतं. एका दवाखान्यात बाबांना तीन महिने जिंकगो या झाडाच्या अर्काच्या गोळ्या दिल्या, पैसे गेले आणि फरक शून्य. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जिंकगो, झिंक आणि मेलाटोनिन यासाठी देऊ नका असंच सांगितलंय. नैराश्य असेल तर त्याचे उपचार जरूर घ्या, तो प्रश्न वेगळा. कर्णनाद हा शब्द आयुर्वेदातला, त्यामुळे घरात कुणीतरी तेल घालायला सांगणारच. पडद्याला भोक असेल तर तेलाने कान बिघडतो, म्हणून पडदा तपासल्याशिवाय थेंबही नको. झोपण्याआधी भ्रामरी केली तर मन निवतं. ती बाबा रोज करतात.

भाच्याने ताशा सोडलेला नाही. आता सरावाला जाताना वादकांसाठीचे इअरप्लग खिशात असतात, आणि ताशाच्या दोरीला एक जादा जोडी बांधलेली असते, शेजारच्या पोरासाठी.