एकच व्हिडिओ तीन ठिकाणी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

घड्याळातली हेअरस्प्रिंग, म्हणजे वेळ राखणाऱ्या चाकाची वेटोळी स्प्रिंग, केसाहून बारीक असते. वाकलेली हेअरस्प्रिंग चिमट्याने सरळ कशी करायची, याचा सहा मिनिटांचा व्हिडिओ मी गेल्या वर्षी काढला. माझ्या कॉम्प्युटरवर स्प्रिंगचा एकेक वेढा सुटा दिसत होता. अपलोड करून पाहिलं, तर मधले वेढे एकमेकांत मिसळून राखाडी डाग झाला होता. जे दाखवण्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकं तेच दिसेना. तिथून माझी शोधाशोध सुरू झाली आणि गेले अकरा महिने मी माझे सव्वीस व्हिडिओ तीन वेगळ्या प्रकारच्या सेवांवर ठेवून पाहते आहे. एक सगळ्यांना ठाऊक असलेला मोठा, मोफत प्रकार; दुसरी वर्गणी भरून वापरायची सेवा; तिसरा पीअरट्यूब नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा, एका छोट्या गटाने सांभाळलेला सर्व्हर. मला आलेल्या अडचणी कोणत्या कंपनीमुळे हे सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या त्या प्रकारातच असतात.

मी चावीची जुनी घड्याळं दुरुस्त करते आणि शिकवते. पैसे मिळवण्यासाठी व्हिडिओ काढत नाही. हे आधी सांगते, कारण तुम्हाला जाहिरातींचं उत्पन्न हवं असेल तर तुमचा हिशेब वेगळा असेल. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला एक हजार सबस्क्राइबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचं पाहणं (किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज) लागतात. माझ्यासारख्या विषयात त्यामागे धावलं की शिकवणं बाजूला राहतं.

आधी त्या डागाबद्दल. आपण दिलेली फाइल कोणतीच मोठी सेवा सहसा जशीच्या तशी दाखवत नाही. ती पुन्हा एन्कोड होते, म्हणजे दाबून नव्याने बनवली जाते, तिच्या लहानमोठ्या आवृत्त्या बनतात, प्रत्येक आवृत्तीचे काही सेकंदांचे तुकडे पडतात आणि पाहणाऱ्याचं नेट जसं असेल तसा प्लेअर तुकडा उचलतो. म्हणूनच आज व्हिडिओ अडखळत थांबण्याऐवजी थोडा अंधुक होतो आणि पुढे चालतो. यासाठी वापरली जाणारी कोडेकही (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती) बदलत गेली : २००३ चं एच.२६४, २०१३ चं व्हीपी९, २०१८ चं एव्ही१. प्रत्येक नवं कोडेक कमी डेटात तितकंच चित्र देतं. पण डेटा वाचवताना कात्री पहिली लागते ती बारीक, मंद उठावाच्या तपशिलाला, आणि माझा सगळा विषयच तसा.

मी काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल. स्प्रिंगखाली काळा, चकाकी नसलेला कागद ठेवला. दिवा वरून न देता बाजूने दिला. कॅमेरा स्टँडवर घट्ट बांधला, कारण सगळी चौकट हलली की कोडेकची ताकद त्या हलण्यावरच खर्च होते. आणि १०८०पी ऐवजी ४के मध्ये चित्रण करून तीच फाइल चढवली. मोठ्या आवृत्तीला सेवा जास्त बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जास्त डेटा देते, त्यामुळे १४४०पी निवडून पाहिलं की वेढे सुटे दिसायला लागले. आणखी एक : अपलोड संपला म्हणजे व्हिडिओ तयार झाला असं नाही. आधी लहान आवृत्ती येते, मोठ्या मागाहून. मी संध्याकाळी चढवते, अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवते, सकाळी स्वतः पाहते आणि मगच लिंक देते. वर्गणीच्या सेवेवर हाच व्हिडिओ पहिल्यापासून जास्त स्वच्छ दिसला, हे मात्र खरं.

आता ज्या प्रसंगाने माझं मत बदललं तो.

पुष्कळ घड्याळांत क्राउन व्हीलच्या, म्हणजे चावी देताना फिरणाऱ्या एका चाकाच्या, पेचाला उलटे आटे असतात. बऱ्याचदा अशा पेचाच्या डोक्यावर एकाऐवजी तीन खाचा असतात, ती खूण. हा पेच सोडवायचा तर उजवीकडे फिरवायचा. माझ्या व्हिडिओत हात बरोबर उजवीकडेच फिरला आहे. पण आवाज मी नंतर, वेगळा बसून दिला होता, आणि त्यात मी म्हणाले, "आता हा पेच डावीकडे फिरवून सोडवा." आठ महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मग एका मुलाने लिहिलं, "ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं, पेचाचं डोकंच तुटलं." तो डोळ्याला भिंग लावून काम करत होता, कान माझ्या आवाजाकडे. स्क्रीनकडे बघणार कसा? त्याच्या आजोबांचं घड्याळ होतं ते. मला दोन दिवस नीट झोप लागली नाही.

चूक माझी. पण ती दुरुस्त करायला बसले तेव्हा तिन्ही प्रकारांतला खरा फरक कळला. वर्गणीच्या सेवेवर मी आवाज बदलून नवी फाइल त्याच लिंकवर बसवली; विमिओसारख्या सेवांत ही सोय असते. लिंक तीच, शेरे तेच, आतला व्हिडिओ नवा. अर्धा तासही लागला नाही. मोठ्या मोफत सेवेवर चढवलेल्या फाइलच्या जागी दुसरी ठेवता येत नव्हती. मधला भाग कापता येत होता, पण कापला तर तो पेच कसा सोडवायचा हेच सांगायचं राहून जाणार. वर्णनात दुरुस्ती लिहिली, वर पिन केलेला शेराही टाकला, पण कानाने ऐकणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शेवटी जुना व्हिडिओ खाजगी केला आणि नवा चढवला. आठ महिन्यांचे शेरे जुन्याबरोबर झाकले गेले. त्यांत एका अनुभवी कारागिराने गंजलेला पेच तेल मुरवून कसा सैल करायचा ते फार छान लिहिलं होतं. ते मी आधी हाताने उतरवून घेतलं आणि नव्या वर्णनात टाकलं.

याच धडपडीत सबटायटलचं मोल कळलं. व्हिडिओतला तोच एक भाग असा, की तिन्ही ठिकाणी तो कधीही बदलता येतो. साधी टेक्स्ट फाइल असते, वेळ आणि ओळ. आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका. यूट्यूबवर ती सोय २००९ पासून आहे आणि खूप सुधारली आहे, पण हत्यारांची नावं आली की गडबडते. माझ्या एका व्हिडिओत 'आटे' या शब्दाचं दर वेळी काहीतरी वेगळंच होत होतं.

मग मोफत सेवा सोडून का नाही दिली? कारण शिकू पाहणारा माणूस तिथेच शोधतो. २३ एप्रिल २००५ ला यूट्यूबवर पहिला व्हिडिओ आला, एकोणीस सेकंदांचा. पुढच्याच वर्षी गूगलने ती कंपनी १६५ कोटी डॉलरला विकत घेतली. तेव्हा व्हिडिओला दहा मिनिटांची मर्यादा होती, २०१० मध्ये ती पंधरा झाली, आणि आज खातं पडताळलं की बारा तासांपर्यंतचा व्हिडिओ चढवता येतो. अख्खं घड्याळ उघडून, धुऊन, पुन्हा जोडण्याचा माझा व्हिडिओ एक तास चाळीस मिनिटांचा आहे, आणि तो एकसंध ठेवता येणं ही मला मोठी गोष्ट वाटते. माझ्याकडे नव्याने आलेल्या दहा जणांपैकी नऊ जण तिथल्या शोधातून आले. वर्गणीच्या सेवेवर आपणहून कोणी येत नाही, लिंक द्यावी लागते. तिथे जाहिराती नाहीत, पासवर्ड लावता येतो, म्हणून माझा वर्ग तिथे चालतो. अनोळखी माणसासाठी मात्र ते दार बंदच.

शोधातून माणसं येतात, शिफारशींमधून येतात ती वेगळी. यूट्यूबने २०१२ मध्ये नुसत्या क्लिकऐवजी किती वेळ पाहिलं याला महत्त्व दिलं. तसं पाहिलं तर माझ्यासारख्याला ते बरंच म्हणायला हवं. पण माझा प्रेक्षक व्हिडिओ थांबवून काम करतो, मागे जातो, अर्ध्यात सोडून दुसऱ्या दिवशी येतो. आकड्यांचा तक्ता रोज उघडणं मी तिसऱ्या महिन्यात बंद केलं आणि तेव्हापासून व्हिडिओ चांगले व्हायला लागले, असं मला मनापासून वाटतं.

कॉपीराइटचा अनुभव थोडक्यात. चित्रण करताना मागे रेडिओ चालू होता, चाळीस सेकंद गाणं ऐकू येत होतं. एका सेवेच्या यंत्रणेने ते आपोआप ओळखलं आणि व्हिडिओवर दावा लागला. दावा योग्यच होता. आता आवाज नंतरच देते, आणि मूळ आवाजाचा ट्रॅक वेगळा जपते, म्हणजे गरज पडली तर नुसता तोच बदलता येतो.

पीअरट्यूबबद्दल लोकांना कमी माहिती आहे. फ्रामासॉफ्ट या फ्रेंच संस्थेने ते सॉफ्टवेअर बनवलं, २०१८ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. वेगवेगळे सर्व्हर आपापले नियम ठेवून एकमेकांशी जोडलेले असतात, आणि एकच व्हिडिओ एकाच वेळी पाहणारे लोक आपसांत तुकडे वाटून घेऊ शकतात, त्यामुळे सर्व्हरवरचा भार हलका होतो. माझ्या व्हिडिओला एका वेळी दोन-तीन पाहणारे, त्यामुळे तो फायदा मला फारसा मिळाला नाही. जागा मोजून मिळते, आणि सर्व्हर सांभाळणारे लोक हौसेने करतात, एकदा तो दोन दिवस बंद होता. पण त्यांनी आधी कळवलं, नंतर माफी मागितली, आणि माझ्या प्रश्नाला माणसाने उत्तर दिलं. मोठ्या सेवांवर अकरा महिन्यांत मला हे एकदाही मिळालं नाही.

एक गोष्ट मात्र तिन्हींबद्दल सारखीच सांगेन. मूळ फाइल तुमच्याकडे हवी, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. याआधी मी ज्या छोट्या सेवेवर होते, तिने मोफत खाती बंद केली तेव्हा माझे पाच व्हिडिओ गेले, कारण चढवून झाल्यावर मी मूळ फाइल पुसल्या होत्या. मोठ्या नावांचंही तेच. गूगल व्हिडिओ २००५ मध्ये सुरू झालं, २००९ मध्ये नवे अपलोड थांबले, २०१२ मध्ये ते बंद पडलं. ब्लिप २०१५ मध्ये गेलं, सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं वाइन २०१७ मध्ये. एकदा कॉम्प्रेस झालेली प्रत खाली उतरवून ती दुसरीकडे चढवली की चित्र पुन्हा एकदा मार खातं, म्हणून परत डाउनलोड करू, या भरवशावर राहू नका.

सध्या मी असं करते : सगळ्यांसाठीचे व्हिडिओ मोफत सेवेवर आणि पीअरट्यूबवर दोन्हीकडे, वर्गाचे, वारंवार सुधारावे लागणारे व्हिडिओ वर्गणीच्या सेवेवर, आणि प्रत्येक व्हिडिओच्या फोल्डरमध्ये चार गोष्टी, मूळ चित्रण, वेगळा आवाज, सबटायटलची फाइल आणि वर्णनाचा मजकूर. चढवण्याआधी डोळे मिटून फक्त आवाज ऐकते, एकदा पूर्ण. त्या मुलाला मी माझ्याकडच्या जुन्या यंत्रातला पेच काढून पाठवला. तुटलेल्या पेचाचा आटा बाहेर काढायला त्याला तीन आठवडे लागले. घड्याळ चालू झालं, दिवसाला वीस सेकंद पुढे जातं म्हणाला. सव्वीसपैकी सतरा व्हिडिओंची सबटायटल हाताने तपासून झाली आहेत, नऊ बाकी आहेत.