पावतीवर फक्त ‘स्टँड – 2 नग’

लग्नसराईच्या तोंडावर कोल्हापुरात नव्या फोटोग्राफरच्या गळ्यात हा माल हमखास मारला जातो: नऊ फुटी, ‘हेवी ड्युटी’, एअर कुशन (म्हणजे सैल झालेला टप्पा आतल्या हवेमुळे सावकाश खाली बसतो), दहा किलो पेलणारा लाइट स्टँड, तोही निम्म्या किमतीत. दुकानात तो उभा करून दाखवतात, पण एकच टप्पा वर काढून आणि वर काहीही न लावता.

अशाच एका स्टँडवरून हळदीच्या मांडवात लाइट खाली आला. फ्लॅश ट्यूब फुटली. खाली बसलेली पोरं नुकतीच जेवायला उठली होती, म्हणून वाचली. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: “तुम्ही नॉब जास्त आवळलात.”

प्रत्यक्षात नळीच इतकी पातळ असते की नॉब आवळला की खळगा पडतो, आणि सैल ठेवला तर टप्पा घसरतो. सांध्याची प्लास्टिकची कॉलर तडकते ती वेगळीच. दहा किलोचा आकडा खरा असलाच, तर तो मिटलेल्या स्टँडचा. पूर्ण उंचीवर दोन किलोचा लाइट आणि सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) चढवला की वरची नळी डुलायला लागते. सॉफ्टबॉक्स म्हणजे शीडच. पन्हाळ्यावरचा वारा त्याला सहज आडवा करतो.

म्हणून स्वतःचा लाइट दुकानात घेऊन जा. सगळे टप्पे काढा, टेपनं उंची मोजा, लाइट चढवून नळी हलवून बघा. मग लाइट उतरवा, वरच्या टप्प्याचा नॉब सैल करा आणि हात सोडा. एअर कुशन असेल तर टप्पा सावकाश बसतो. धपकन आदळला तर आत नुसती स्प्रिंग आहे. लाइट बसवायची वरची खुंटी 16 मिमीची आणि धातूची हवी. चांदीचा रंग दिलेलं प्लास्टिकही विकतात, किल्लीनं खरवडलं की कळतं. फक्त खुंटीच खराब असेल तर उद्यमनगरात लेथवर नवी करून मिळेल. कॉलर प्लास्टिकची असेल तर त्या स्टँडवर पैसे घालू नका.

चार हलक्या स्टँडपेक्षा दोन जाड नळीचे घ्या. पाय पुरेसे फाकवा, एक पाय लाइटच्या रोखानं ठेवा आणि पायांवर पाच-सात किलो वाळूची पिशवी टाका.

खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी बघा. पावतीवर मॉडेल, उंची, वजनक्षमता आणि ‘एअर कुशन’ लिहून घ्या, कारण नुसत्या ‘स्टँड – 2 नग’वर काहीच सिद्ध करता येत नाही. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही.