क्वाडच्या टायरची फाटलेली साइडवॉल: पावसाळा आणि द्राक्षहंगाम काढल्यानंतरचा अनुभव

नाशिकजवळच्या गिरणारे परिसरातील आमच्या द्राक्षबागेत एक चारचाकी क्वाड आहे, म्हणजे रुंद टायरांची, हँडलने चालणारी एटीव्ही. औषधाचे कॅन, ठिबकच्या नळ्या, छाटणीची हत्यारे आणि कधी कधी माणसे इकडून तिकडे नेणे, एवढेच त्याचे काम. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, ओहोळातल्या काळ्या पाषाणाच्या धारेने कापली गेली. त्या टायरची दुरुस्ती करून घेऊन आम्ही तो संपूर्ण पावसाळा, ऑक्टोबर छाटणी आणि नंतरची द्राक्षकाढणी असा वापरला. साइडवॉल फाटली की टायर फेकायचाच, असे बहुतेक जण ठामपणे सांगतात. उलट काही जण पाच मिनिटांत बाहेरून पंक्चरची चिकट रबरी स्ट्रिप ठोकून मोकळे होतात. माझा अनुभव या दोन्हींच्या मधला आहे आणि तो काही अटींवरच खरा आहे.

आधी मुळातली अडचण. मोटारीच्या टायरच्या बाबतीत अमेरिकेतील टायर उत्पादकांच्या संघटनेचा दंडक स्पष्ट आहे: पंक्चरची दुरुस्ती फक्त ट्रेडच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या, भागात आणि 6 मिलिमीटरपर्यंतच्या भोकाचीच करावी, साइडवॉलला हात लावू नये. यामागचे कारण रास्त आहे. ट्रेड जाड असतो आणि फारसा वाकत नाही. साइडवॉल पातळ असते आणि प्रत्येक फेऱ्यात जमिनीला टेकताना फुगते व पुन्हा ताणली जाते. आमचा टायर 25×10-12 मापाचा, म्हणजे 25 इंच उंचीचा आहे. त्याचा घेर साधारण दोन मीटर भरतो. याचा अर्थ, एक किलोमीटर जाताना दुरुस्तीची जागा सुमारे 500 वेळा वाकते. त्यात क्वाडच्या टायरमध्ये हवा जेमतेम 4 ते 7 पीएसआय असते, त्यामुळे हे वाकणे मोटारीच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त असते.

मात्र हीच कमी हवा दुसऱ्या बाजूने आपल्या फायद्याची ठरते. मोटारीच्या टायरमध्ये 30 ते 35 पीएसआयचा दाब जखमेवर सतत आतून रेटा देत असतो. इथे तो त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाच असतो. वेग 15-20 किलोमीटरच्या वर जात नसल्याने टायर तापत नाही. शिवाय बहुतेक एटीव्हींची आपल्याकडे आरटीओ नोंदणी होत नाही, त्यामुळे गाडी शेताबाहेर जाण्याचा प्रश्नच येत नाही. साइडवॉलची दुरुस्ती टिकली, तर ती या तीन गोष्टींमुळे टिकते; पॅचच्या ब्रँडचा यात वाटा फारच थोडा आहे, असे आता माझे मत झाले आहे.

नवीन टायर का घेतला नाही, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. पैसा हे एक कारण होतेच. पण आमच्या क्वाडला मागे एकच सलग ॲक्सल आहे, डिफरन्शियल नाही, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता येत नाही. एक टायर कोरा आणि दुसरा झिजलेला असला, की दोन्ही चाकांचा घेर वेगळा पडतो आणि कडक जमिनीवर लहान घेराचे चाक सतत घसटत राहते. त्याचा ताण ॲक्सल आणि चेनवर येतो. म्हणजे बदलायचे तर दोन्ही टायर बदलावे लागले असते, आणि दुसऱ्या टायरचा ट्रेड निम्म्याहून अधिक शिल्लक होता.

दुरुस्तीसाठी शहरातील मोटारींच्या टायर दुकानांनी नकार दिला, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. हे काम अखेर आडगावकडच्या ट्रक-टायरच्या मोल्डिंगवाल्याकडे, म्हणजे रबर भरून ते भाजून टायर दुरुस्त करणाऱ्याकडे, झाले. तेथील उस्तादांनी टायर रिमवरून उतरवला, आत दिवा धरला, काप बोटांनी फाकवून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "दादा, दोन थरांचे धागे तुटलेत, बाकीचे शाबूत आहेत. हे होईल. काप वीतभर असता तर मी हात लावला नसता." त्यांच्या या पाहणीवरच सगळा निर्णय अवलंबून होता. बाहेरून काप इंचभर दिसत होता. आत तो त्याहून लहान होता. टायरवर '6 प्लाय' लिहिलेले असते ते ताकदीचे मानांकन असते, आत प्रत्यक्ष सहा थर असतातच असे नाही. त्यामुळे किती थर उरले आहेत हे आतून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक बाब त्यांनी सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आमचा टायर बायस प्रकारचा आहे. त्यातील धागे तिरपे, एकमेकांना छेदत जातात आणि काही तुटले तरी शेजारचे भार वाटून घेतात. रेडियल टायरमध्ये धागे एका बीडपासून (रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेपासून) दुसऱ्या बीडपर्यंत सरळ जातात. तिथे काप घेराच्या दिशेने गेला असेल तर सलग अनेक धागे एकदम तुटतात आणि ती जागा फुगते. दोन्ही प्रकारांचे पॅचही वेगळे असतात. रेडियलच्या पॅचवर बीडकडे रोखलेले बाण छापलेले असतात. दुकानदाराने हा फरक न विचारता पॅच काढला, तर टायर परत घेऊन निघावे.

काम असे झाले. बाहेरून कापाच्या कडा तिरप्या खरवडून सैल धागे कापले. आतली बाजू आधी क्लीनरने पुसली, मग बफ केली, म्हणजे घासून खरखरीत केली. क्रम उलटा केल्यास कारखान्यातून आलेला मेणासारखा थर घासला जाऊन रबरातच मुरतो. बाहेरच्या खाचेत कच्चे रबर भरले, आतून धाग्यांचे थर असलेला मोठा पॅच सोल्यूशन लावून बसवला. सोल्यूशन हाताला चिकट लागेपर्यंत वाळू दिले होते. ओल्यावर पॅच दाबण्याची घाई त्यांनी केली नाही. मग मधून कडेकडे रोलर फिरवून हवा काढली आणि शिकंज्यात धरून तापत्या प्लेटखाली जागा भाजली. तापमान 140 ते 150 अंशांच्या आसपास ठेवले होते. टायर पुन्हा चढवताना बीड बसवण्यासाठी हवा किती भरायची याची मर्यादा टायरवरच छापलेली असते; ट्रकच्या दुकानातला कॉम्प्रेसर पाहता ती मर्यादा आधी दाखवून देणे बरे.

टायर चढवताना आम्ही एक बदल करून घेतला, त्याचा सर्वाधिक उपयोग झाला. काप बाहेरच्या बाजूला होता. दगड, वेलींचे खुंट, मांडवाच्या अँगलचे पाय, हे सारे बाहेरच्या साइडवॉललाच घासते. म्हणून मागचे दोन्ही टायर उलटे करून एकमेकांच्या बाजूंच्या रिमवर चढवले. यामुळे दुरुस्तीची बाजू आत, गाडीच्या पोटाकडे गेली आणि ट्रेडची फिरण्याची दिशाही कायम राहिली.

पावसाळ्यात टायर चिखलात रुतून फिरला, पॅचला काही झाले नाही. हवेच्या बाबतीत मात्र सुरुवातीला आमचा गोंधळ उडाला. मोटारीचा गेज इतका कमी दाब दाखवतच नाही, त्यामुळे 0 ते 10 पीएसआयचा वेगळा गेज आणावा लागला. थंडी सुरू झाल्यावर सकाळी हवा कमी आणि दुपारी पुरेशी, असे दिसू लागले. पहाटेचे 10 अंश आणि दुपारचे 30 अंश या फरकाने दाब सव्वा पीएसआयच्या आसपास वरखाली होतो. मोटारीत हे जाणवत नाही, पण पाच पीएसआयमधला तो चौथा हिस्सा आहे. म्हणून गळती ओळखण्यासाठी दुरुस्त टायरचा आकडा एकटा पाहू नये, शेजारच्या धडधाकट टायरशी त्याच वेळी ताडून पाहावा. दोन्ही सारखेच उतरत असतील तर पॅच निर्दोष आहे. आमच्याकडे दोघांत फरक पडला नाही.

दोष सांगायचे तर दोन आहेत. दुरुस्तीची जागा आजूबाजूपेक्षा ताठ झाली आहे. खळ्याच्या सिमेंट काँक्रीटवर हळू चालवताना फेऱ्याफेऱ्याला बारीक ठोका जाणवतो, मातीत नाही. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. भरलेल्या रबराच्या कडेने, ताठ आणि मऊ भागाच्या सीमेवर, केसासारखी चीर दिसू लागली आहे. ती वरवरची आहे, साबणाच्या पाण्याला बुडबुडा येत नाही. पण तिची दोन टोके मी पांढऱ्या पेंटने खुणावून ठेवली आहेत. चीर खुणेच्या पुढे गेली, किंवा हवा भरल्यावर त्या जागी हाताला उंचवटा लागला, तर टायर त्याच दिवशी उतरेल. उंचवटा म्हणजे धागे सुटत चालले आहेत.

इतर उपायांबद्दल थोडक्यात. स्ट्रिप साइडवॉलमध्ये फक्त घरी पोहोचेपर्यंत चालते. सततच्या वाकण्याने ती हळूहळू बाहेर सरकते. टायरमध्ये ओतायचा भोक बुजवणारा सीलंट फिरताना ट्रेडकडे फेकला जातो आणि उभ्या गाडीत तळाशी साचतो, साइडवॉलवर तो थांबतच नाही. वर त्याचा थर नंतर पॅच चिकटू देत नाही. ट्यूब टाकणे हा आमच्याकडचा जुना मार्ग आहे आणि आत गेटर (कापावर आतून ठेवायचा जाड तुकडा) ठेवून तो बऱ्यापैकी चालतो. तरी कमी हवेत टायर रिमवर सरकतो, त्याबरोबर ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळाशी तिरपा होऊन फाटतो. ट्यूब टाकलीच तर व्हॉल्व्ह सरळ उभा आहे ना, हे अधूनमधून पाहावे. मासेमारीच्या दोऱ्याने काप शिवून वर पॅच लावण्याची पद्धतही मी एका शेजाऱ्याच्या गाडीवर पाहिली आहे. टाके काप उघडू देत नाहीत हे खरे, परंतु सुईचे प्रत्येक भोक नव्या गळतीची जागा असते.

आमच्या बागेत ही दुरुस्ती मागच्या चाकावरच ठेवली आहे. पुढच्या चाकाला अशी दुरुस्ती मी करणार नाही, कारण तिथे हवा अचानक गेली तर हँडल हातातून ओढले जाते आणि बांधाच्या उतारावर क्वाड उलटायला तेवढे पुरते. पाहुण्यांना फिरवायला क्वाड वापरणाऱ्या कृषी पर्यटनवाल्यांनीही या फंदात पडू नये. तिथे चालवणारा नवखा असतो आणि वेग त्याच्या हातात असतो. एकट्या माणसाने, ओळखीच्या वाटेवर, हलक्या ओझ्यासह वापरायच्या गाडीपुरती मी याची शिफारस करतो. आम्ही हा टायर एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत चालवणार आहोत. तोवर दुसऱ्या टायरचा ट्रेडही संपत आलेला असेल आणि मागची जोडी एकदमच बदलता येईल.