पाच कप्प्यांचं प्लास्टिक ड्रॉवर, दोन मुलं आणि वन बीएचके: नऊ महिने वापरून लिहितोय

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी हे घेतलं. अख्खा पावसाळा आणि हिवाळा काढलाय त्याने, म्हणून आत्ता लिहितोय. त्याआधी दोन दिवस वापरून लिहिलेले रिव्ह्यू वाचून कापडी झिपवालं फोल्डिंग कपाट घेतलं होतं, ते चार महिन्यांत एका बाजूला कललं, झिपही गेली.

घर डोंबिवलीत, आम्ही दोघं, आई, थोरली तिसरीत आणि धाकटा चार वर्षांचा. बायकोची हॉस्पिटलात सकाळची ड्युटी, ती सहाच्या आत बाहेर पडते, त्यामुळे मुलांना उठवून तयार करून व्हॅनमध्ये बसवणं माझ्याकडे. लोखंडी कपाट एकच, त्यात साड्या, कागदपत्रं, पांघरुणं, आणि मुलांचे कपडे सगळ्यात खालच्या खणात कोंबलेले. रोज एक मोजा सापडायचा आणि दुसरा नाही, बुधवारी पीटीचा टीशर्ट दोरीवर ओलाच असायचा, आणि खालून एक बनियन ओढली की वरची सगळी चळत जमिनीवर. आईचे गुडघे दुखतात तरी ती वाकून वाकून परत घड्या घालायची, ते बघवत नव्हतं.

म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानातून हे पाच ड्रॉवरवालं आणलं. उंची साधारण साडेतीन फूट, रुंदी सव्वा फूट, खाली चार चाकं. २६०० सांगितले, २३०० ला दिलं. रिक्षात मागे उभं राहत नाही, ड्रॉवर काढून वेगळे ठेवावे लागतात, पण जोडायला पाना-स्क्रू काही लागत नाही, दहा मिनिटांत होतं.

पहिला महिना फुकट गेला, कारण वाटणी चुकली. वरचे दोन थोरलीचे, खालचे तीन धाकट्याचे असं केलं, आणि प्रत्येक ड्रॉवरमध्ये तीच खिचडी, चड्ड्या, फ्रॉक, स्वेटर सगळं एकत्र. मग उलटं केलं, म्हणजे कपडा कुणाचा हे न बघता तो कधी लागतो हे बघितलं. सगळ्यात खाली चड्ड्या, बनियन आणि मोजे, दोघांचे, मधे बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घालून. त्याच्या वर घरातले कपडे. मधल्यात शाळेचे, आणि तिथे आठवड्याचे सेट रविवारी रात्रीच लावायचे, बनियन, चड्डी, मोजे, रुमाल सगळं युनिफॉर्मच्या घडीत गुंडाळून, सोमवारचा पुढे, शनिवारचा मागे. चौथ्यात बाहेर जायचे. सगळ्यात वर पुढच्या मापाचे, म्हणजे कुणी दिलेले किंवा सेलमध्ये मोठे घेतलेले, जे अजून ढगळ होतात.

यातला खालचा ड्रॉवर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. धाकट्याला अजून वाचता येत नाही म्हणून प्रत्येक ड्रॉवरवर चित्र चिकटवलंय, मोज्याचं, टीशर्टचं, दप्तराचं. हात पोचतो, चित्र कळतं, ड्रॉवर हलका सरकतो, त्यामुळे आता तो आंघोळ झाली की स्वतः चड्डी-बनियन काढून घालतो, कधी उलटी घालतो पण घालतो. त्यात माझी सकाळची दहा मिनिटं वाचतात आणि आईचं वाकणं थांबलंय. लोखंडी कपाटाचं दार त्याला एकट्याला उघडत नव्हतं, म्हणून तो मागत राहायचा आणि आम्ही देत राहायचो.

घडीबद्दल एक सांगतो, एकावर एक ठेवू नका, उभी ठेवा, वह्या लावतो तशी. म्हणजे एक ओढला तरी बाकीचे जागेवर राहतात आणि काय धुवायला गेलंय तेही दिसतं. फक्त ड्रॉवर अर्धा रिकामा झाला की उभ्या घड्या लोळतात, म्हणून मागून एक पुठ्ठा टेकवायचा.

दोघांच्या बनियन पांढऱ्या, आईला चष्म्याशिवाय माप दिसायचं नाही, मग थोरलीच्या सगळ्या कपड्यांना मानेला आतून लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. ही कल्पना आईचीच. पूर्वी परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करायचे, इंग्रजीत बिब्ब्याला मार्किंग नट म्हणतात ते त्यामुळेच. बिब्बा अंगावर उततो, तो नाही वापरायचा, दोरा पुरतो.

आता खराब बाजू. एक म्हणजे ड्रॉवरला स्टॉपर नाही. जोरात ओढला की पूर्ण बाहेर येतो, थोरलीच्या पायावर पडला एकदा, अंगठा काळानिळा झाला होता. दुसरं, मागचं एक चाक तिसऱ्याच महिन्यात तडकलं, दुकानदार म्हणाला चाकांची वॉरंटी नसते, घेताना असं काही बोलला नव्हता. शेवटी चारही चाकं काढून टाकली आणि ते बरंच झालं, कारण मुद्दा तिसरा, आणि हा सगळ्यांनी वाचा. चार वर्षांचं मूल खालचे दोन ड्रॉवर उघडून त्यावर पाय देऊन वर चढतं. आमचा चढला होता, मी मागेच होतो म्हणून पकडलं. अमेरिकेत २०१६ मध्ये आयकियाने जवळपास २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं याच कारणासाठी परत मागवली, ती अंगावर पडून लहान मुलं दगावली होती. ती लाकडी आणि जड होती, आपलं प्लास्टिकचं हलकं म्हणून जीवावर बेतणार नाही असं मी धरून चालणार नाही, हलकं असल्यामुळे ते उलटायला वेळ लागत नाही. मी मागच्या जाळीतून नायलॉनची दोरी ओवून भिंतीतल्या हुकाला बांधलंय आणि वरच्या झाकणावर टीव्ही, पुस्तकं काही ठेवत नाही. हे करायचं नसेल तर लहान मुलाच्या घरात घेऊच नका.

चौथं, पावसाळा. ड्रॉवर पॅक प्लास्टिकचे, हवा खेळत नाही. जुलैत दोनच आठवड्यांत कुबट वास यायला लागला आणि थोरलीच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी आली. कपडे गॅलरीत वाळले असं वाटतं पण कंबरेची इलॅस्टिक आणि खिशाच्या आतली बाजू दमटच असते. आता इस्त्री करून लगेच ठेवत नाही, पंख्याखाली गार होऊ देतो, कारण गरम कपडा बंद ड्रॉवरमध्ये ठेवला की त्याची वाफ आतच राहते. आणि रविवारी दुपारी सगळे ड्रॉवर काढून पंख्याखाली ठेवतो. वरच्या ड्रॉवरमध्ये वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून घातलेत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे.

डांबर गोळ्या मात्र मुलांच्या कपड्यांत अजिबात नकोत. माझ्या भावाकडे बाळ येणार होतं, आपल्याकडे बाळाला आधी वापरलेलं मऊ झबलं घालतात, म्हणून आईने धाकट्याची झबली-टोपडी गोळ्या घालून जपून ठेवली होती. बायकोने ती बघताच सगळी दोनदा धुवून उन्हात टाकली. नॅफ्थलीनच्या गोळ्यांमुळे जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ वाढते, आणि बाळात ती कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. आईला वाईट वाटलं, इतकी वर्षं सगळेच घालत आलेत, पण तिने त्याच दिवशी घरातल्या सगळ्या गोळ्या काढून टाकल्या.

वरच्या ड्रॉवरसाठी आम्ही वर्षातून दोन वेळा ठरवल्यात, मेच्या सुट्टीत आणि दिवाळीआधी. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे सहा महिन्यांनी पँट घोट्याच्या वर जातेच. वरचे खाली येतात, खालचे लहान झालेले चुलतभावंडांकडे जातात. नाहीतर नवीन फ्रॉक वरच राहतो आणि सापडतो तेव्हा तोच लहान झालेला असतो, आमच्याकडे असे दोन झाले, एक तर काठाच्या साडीतून शिवलेला होता.

पाचपैकी साडेतीन देईन. घेणार असाल तर बाजूने जाळी असलेलं घ्या, थोडी धूळ जाते पण पावसाळा सोसतं, दुकानातच प्रत्येक ड्रॉवर पूर्ण ओढून बघा स्टॉपर आहे का, आणि भिंतीला बांधायला मागे भोक किंवा जाळी आहे ना ते बघा. सात ड्रॉवरवालं उंच नको, चार-पाच पुरे. आम्हाला थोरलीसाठी दुसरं लागणारच आहे, तिला आता स्वतःचं वेगळं हवंय, ते मेमध्ये घेऊ, जाळीचं, आणि हुक आधी मारून मग.